गाडीखालची गाठ

त्या रविवारी सकाळी मी फक्त एवढंच ठरवलं होतं, की मेकॅनिकला फोन करायचा नाही. स्वतःच्या गाडीचं माणसानं कधीतरी स्वतः बघावं, इतका साधा विचार. (साधे विचार मला नेहमी जड जातात. एकदा ‘गळका नळ आपणच बघू’ असा साधा विचार केला होता, तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक छत्री उघडून वर भेटायला आले होते.)

झालं होतं असं, की गाडी सुरू केली की समोरच्या काट्यांच्या मधे एक पिवळा दिवा लागायचा. थोडा वेळ राहायचा, मग विझायचा. मी काही त्याला विचारलं नाही आणि त्यानं काही मला सांगितलं नाही. कचेरीत मी आवक-जावक सांभाळतो. कुठलंही प्रकरण थोडे दिवस टेबलावर तसंच पडू दिलं, की पुष्कळदा ते आपोआप मिटतं, हा माझा उभ्या नोकरीचा अनुभव. पण गाडीला माझा अनुभव माहीत नसावा. त्या रविवारी दिवा लागला तो विझेचना.

आणि नेमका त्याच दिवशी मला आईला घेऊन मावशीकडे जायचं होतं.

मावशी टेकडीपलीकडच्या गावात राहते. म्हणजे राहायची. संध्याकाळच्या विमानानं ती मुलाकडे परदेशी निघाली होती, कायमची. आईचं वय झालेलं, मावशीचं त्याहून दोन पावसाळे जास्त. ही भेट शेवटची असणार हे आईला माहीत होतं, मावशीला माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं. घरात ते कोणी बोलत नव्हतं, इतकंच. आई तर पहाटेपासून आवरून, मांडीवर पिशवी घेऊन गाडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली होती.

“आई, निघायला अवकाश आहे अजून. गाडी आपलीच आहे, तुला सोडून जाणार नाही.”

“आपली असली तरी गाडीच आहे ती,” आई म्हणाली आणि काच खाली करून घेतली.

बायको म्हणाली, “अहो, सरळ टॅक्सी बोलवा.” पण आईला परक्या गाडीत मळमळतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात टॅक्सीनं नेलं होतं, तर डॉक्टरांनी आधी टॅक्सीची मळमळ तपासली आणि मूळ दुखणं राहूनच गेलं. तेव्हा टॅक्सी बाद. राहता राहिलो मी, गाडी आणि माझा स्कॅनर.

हा स्कॅनर म्हणजे काडेपेटीएवढी डबी असते. ती स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवली, की गाडीच्या पोटातलं दुखणं मोबाइलवर लिहून येतं. ही डबी मी हौसेनं मागवली होती. (बायको तिला ‘तुमचं खेळणं’ म्हणते.) मी ती खाचेत बसवली, चेहरा गंभीर केला आणि वाचलं. एक्झॉस्ट टेम्परेचर सेन्सरशी संपर्क तुटला आहे.

“काय म्हणते?” आईनं विचारलं.

“संपर्क तुटलाय म्हणते.”

“कोणाशी?”

“धूर जातो ना मागच्या नळीतून, त्या नळीत एक तापमापक असतो. नळी किती तापली ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. आता त्याचं सांगणं इकडे पोचत नाहीये.”

“अस्सं.” आईनं जरा विचार केला. “मग लाइनवर फॉल्ट आहे. आधी आपलं टोक तपास. मग त्याचं टोक. दोन्ही ठीक असली तर मधली तार. बिघाड नेहमी मधेच असतो.”

हे बोलणं आईचं नव्हतं, बाबांचं होतं. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. सायकलच्या हँडलला तारेचं वेटोळं, कमरेला पट्टा आणि खांद्यावर तपासणीचा फोन, असे ते सकाळी घरातून निघायचे. गावोगावचे खांब त्यांना नावानिशी माहीत. मावशीचं लग्न होऊन ती टेकडीपलीकडे गेली, आणि का कोण जाणे, तेव्हापासून त्या बाजूची लाइन दर शनिवारी तपासायला लागायची. लाइन तपासायची म्हणजे दोन्ही टोकांना कोणीतरी बोललं पाहिजे. त्या टोकाला पोस्टाच्या खोलीत मावशी, या टोकाला खांबाखाली आई, कानाला बाबांचा तपासणीचा फोन लावून. मी सायकलच्या दांडीवर बसून हे पाहिलं आहे. बोलणं चालू असेपर्यंत बाबा वर खांबावर पाठ फिरवून बसायचे. सरकारी माणसानं दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये, असा त्यांचा नियम होता. आई हसली की मात्र त्यांचे खांदे हलायचे.

बाबा गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. तरी आमच्या घरात कुठलीही वस्तू बंद पडली, की तपासणी त्यांच्याच पद्धतीनं होते. त्यांना ती जमायची, हाच काय तो फरक.

मी आपलं टोक तपासायला घेतलं. फ्यूजचं झाकण उघडलं, एक फ्यूज काढला, उजेडात धरून पाहिला, परत लावला. दुसरा काढला. तेवढ्यात हॉर्न वाजायला लागला.

“अहो, लोक झोपलेत!” बायको खिडकीतून ओरडली.

“मी वाजवत नाहीये!”

“मग कोण वाजवतंय?”

मी घाईघाईनं तो फ्यूज परत लावला. हॉर्न थांबला आणि पाण्याचा फवारा सुरू झाला. वायपर फिरले. रेडिओवर कोणीतरी तावातावानं हवामान सांगायला लागलं. आई सीटवर ताठ बसून समोरच्या काचेवरचं पाणी पुसलं जाताना शांतपणे बघत होती. “आपलं टोक चांगलं जिवंत आहे,” ती म्हणाली. “आता त्याचं बघ.”

त्याचं टोक गाडीखाली होतं. मी जुनी सतरंजी अंथरली आणि उताणा होऊन आत सरकलो. म्हणजे डोकं आणि खांदे सरकले. पोट बाहेर अडलं. बायको टॉर्च घेऊन खाली आली, तिनं परिस्थिती पाहिली आणि म्हणाली, “श्वास सोडा.” मी सोडला आणि आत गेलो. परत घ्यायला मात्र जागा राहिली नाही.

“दिसला का?” वरून आईचा आवाज आला. गाडीच्या पत्र्यातून तो आवाज अगदी फोनवर येतो तसा येत होता.

“दिसला! नळीतच बसलाय. प्लग पण घट्ट आहे.”

“मग मधली तार बघ. बोटांनी चाचपत ये.”

मी सेन्सरपासून वायर धरून चाचपत निघालो. एका ठिकाणी वायर नेहमीची जागा सोडून बाजूला गेली होती, तिची क्लिप तुटली होती. तिथून पुढे ती धुराच्या नळीला टेकली होती. टेकली कसली, नळीला छान आवळून बांधली होती, कापडाच्या पट्टीनं. नळी तापते तेव्हा तिच्यावर पोळी भाजता येईल. वायरचं वरचं प्लॅस्टिक वितळून पार काळं झालं होतं, आतली तांब्याची तार उघडी पडली होती, आणि कापडाची कडाही करपली होती. संपर्क तुटला नसता तरच नवल होतं.

“इकडे टॉर्च धर,” मी बायकोला म्हटलं. ती वाकली आणि तिनं उजेड टाकला.

पट्टी निळ्या चौकटीची होती. आमच्या जुन्या चादरीची. आणि गाठ बाबांची होती.

ती गाठ दुसरं कोणी मारत नाही. दोन वेढे, मधून एक फास, आणि उरलेलं टोक खाली लोंबत न ठेवता आत खोचलेलं. लोंबती वायर दिसली की बाबांना चैन पडायचं नाही. घरातल्या इस्त्रीपासून दिव्यापर्यंत सगळ्या वायरी चादरीच्या पट्ट्यांनी अशाच बांधलेल्या असायच्या. ती गाठ त्यांनी दोघांना शिकवली, आईला आणि मला. मला ती कधी आली नाही.

गाडीखाली उताणं पडून रडणं फार गैरसोयीचं असतं, कारण डोळ्यांतलं पाणी थेट कानात जातं. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, आणि त्यांच्या हातची गाठ अशी नाकासमोर, जणू आत्ताच मारून ते सायकलवर बसून पुढच्या खांबाकडे गेलेत. मला त्यांची फार आठवण आली.

सतरंजीवर डोकं टेकवून बायको कुजबुजली, “आईंनी बांधली?”

“दुसरं कोण बांधणार?”

“सांगू नका हं त्यांना. आजच्या दिवशी तर अजिबात नको. बहिणीकडे जायची गाडी आपणच मोडली असं कळलं, तर त्या जन्मभर मनाला लावून घेतील.”

हे मलाही पटलं. (बायकोचं मला पुष्कळदा पटतं. वेळेवर पटत नाही, इतकंच.)

“काय कुजबुज चाललीय?” वरून प्रश्न आला.

“काही नाही, आई. बिघाड सापडला.”

“मधेच होता ना?”

“मधेच.”

“मी म्हटलं नव्हतं? कोणी केला?”

“मी,” मी म्हणालो. “परवा गाडी धुताना वायर ओढली गेली असणार माझ्या हातून.”

“वाटलंच मला,” आई म्हणाली, आणि तिचं समाधान झाल्याचं पत्र्यातूनसुद्धा ऐकू आलं.

आता एकच काम उरलं होतं. गाठ सोडायची, वायर नळीपासून लांब घ्यायची आणि टेप गुंडाळायची. त्या गाठीची गंमत अशी, की एक टोक ओढलं तर ती अलगद सुटते आणि दुसरं ओढलं तर जन्माची आवळते. कुठलं टोक ओढायचं हे बाबांनी मला कितीदा तरी दाखवलं होतं. मी डोळे मिटले, त्यांचे हात आठवले आणि पूर्ण विश्वासानं ओढलं.

गाठ आवळली. आतली करपलेली वायर कट्‌कन तुटली.

मी तिची टोकं टेपनं गुंडाळून दूर बांधली (साधी गाठ मारून, जी लगेच सुटली, मग बायकोनं दुसरी मारली), बाहेर आलो आणि गाडी सुरू केली. आधी एक दिवा लागत होता, आता तीन लागले. शिवाय गाडीनं असा काही आवाज काढला, की वाटावं, हिला आता या जगाकडून कसलीच अपेक्षा उरली नाही. मी निमूटपणे मेकॅनिकला फोन लावला.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. “काका, आधी दिवा येत-जात होता ना? म्हणजे वायर थोडीफार जोडलेली होती. आता तुम्ही पुरती तोडलीत. गाडी आता जिवाला जपायला लागली. पळणार नाही ती. हळूहळू न्या, पोचवेल.”

“हळू म्हणजे किती हळू?”

“रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं, तर थांबावं लागणार नाही. चालता चालता बोलणं होईल.”

आई आणि मी निघालो. सपाटीवर सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते. टेकडीच्या चढावर गवतानं लादलेल्या एका ट्रॅक्टरनं हॉर्न देऊन ओव्हरटेक केलं, आणि वर बसलेल्या माणसानं जाता जाता माझ्याकडे पाहून सहानुभूतीनं मान हलवली. मी घड्याळाकडे बघत होतो. विमान काही माझ्या गाडीसारखं जिवाला जपत जाणार नव्हतं. उशीर झाला तर आईला मी काय तोंड दाखवणार होतो?

आई मात्र खिडकीबाहेर बघण्यात रंगून गेली होती. एरवी या रस्त्यानं मी जोरात जातो आणि ती डोळे मिटून बसते. आज तिला एकेक गोष्ट दिसत होती.

“तो बघ, वळणावरचा खांब. यांना फार त्रास द्यायचा तो. दर पावसात वाकायचा.”

खांबावर आता तारा नव्हत्या. वर एक पक्षी तेवढा बसला होता.

“आणि हा. इथे खाली उभी राहून मी बोलायचे. ताई तिकडून म्हणायची, ‘लाइन खरखरतेय, पुढच्या शनिवारी परत तपासा.’ खरखर कसली? घंटेसारखी स्वच्छ लाइन.” आईनं मांडीवरची पिशवी सरळ केली. “यांना माहीत होतं सगळं. कधी बोलले नाहीत.”

पुढचा प्रत्येक खांब ती मान वळवून, मागे जाईपर्यंत बघत राहिली. त्या वेगानं तेवढा वेळ मिळत होता.

मावशीच्या दारात पोचलो तेव्हा बॅगा पायरीवर होत्या, आणि मावशीला न्यायला आलेला तिचा मुलगा घामाघूम होऊन घरभर धावत होता. कपाटं उघडी, गाद्या उलट्या. मावशी तेवढी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर स्वस्थ बसली होती.

“आईचा पासपोर्ट सापडत नाहीये!” तो मला म्हणाला. “सकाळी टेबलावर होता! कधीचंच निघायला पाहिजे होतं आम्ही!”

मावशीनं आईला पाहिलं. “आलीस?” ती म्हणाली.

“आले. याची गाडी हळू चालते.”

मावशी उठली. आई तिच्याजवळ गेली. दोघी काही वेळ एकमेकींचे दंड धरून नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मग मावशीनं आईच्या केसांवरून हात फिरवून म्हटलं, “तेल लावत नाहीस अजून.” आणि दोघी रडल्या, मोठ्यानं, कोणाची लाज न धरता. मला खुर्चीच्या उशीखालून पासपोर्टचा कोपरा डोकावताना दिसला. मावशीच्या मुलालाही दिसला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आतल्या खोलीत जाऊन पासपोर्ट शोधायला लागलो. बराच वेळ शोधला. बाहेरून हसणं ऐकू यायला लागलं, तेव्हाच कुठे तो आम्हाला सापडला.

त्यांची मोटार वळणाआड गेली. आई फाटकाशी उभी होती, तशीच गाडीत येऊन बसली. मी गाडी काढली. टेकडी उतरेपर्यंत ती मागेच बघत होती. मला वाटलं, आता हिला काहीतरी समजुतीचं बोलावं. मी शब्द जुळवतच होतो, तेवढ्यात ती म्हणाली, “बरं झालं, मी ती वायर बांधली होती.”

मी ब्रेक दाबला. (त्या वेगात कोणाला कळलंही नाही.) “कुठली वायर?”

“गाडीखालची. मागे माझी छत्री पडली होती ना, ती काढायला वाकले तर लोंबत होती. तुला म्हटलं, तर तू म्हणालास, ‘असतंच तसं, आई.’ मग मीच बांधली, चांगली जाड नळी बघून. यांची गाठ मारली. ती होती म्हणून गाडी इथवर आली तरी. नाहीतर तू धुताना ओढलीस, तेव्हाच तुटून पडली असती.”

मी तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांत अजून ओल होती, पण चेहरा उजळला होता. नवऱ्याच्या गाठीनं आपल्याला बहिणीपर्यंत पोचवलं, हे तिचं त्या दिवसाचं सुख होतं. मी तोंड मिटलं.

“हो, आई. तुझ्यामुळेच.”

“घरी चल, ती गाठ तुला शिकवते. केस पिकले तुझे, अजून येत नाही.”

घरी बायकोनं दार उघडलं. चपला काढता काढता आईनं तिला सांगितलं, “भेट झाली हो. यानं मोडायच्या आधी मी बांधून ठेवली होती, म्हणून.” बायको माझ्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, “खरंच, आई. तुम्ही होतात म्हणून.”

गाडी पुढे दुरुस्त झाली, नवी वायर आली, दिवे विझले. गाठ मात्र अजून चालूच आहे. दर शनिवारी मावशीचा तिकडून व्हिडिओ फोन येतो, आणि आई मला चादरीची पट्टी घेऊन समोर बसवते. अर्ध्या जगापलीकडून मावशी विचारते, “जमली का गं त्याला?” आई फोन माझ्या हातांकडे वळवते. मी वेढे घेतो, फास टाकतो आणि सोडायला पूर्ण विश्वासानं एक टोक ओढतो. मग पलीकडे मावशी आणि अलीकडे आई इतक्या हसतात, की बोलायचं बाकीचं राहूनच जातं, आणि आई तिला म्हणते, “राहू दे, पुढच्या शनिवारी परत बघू.”

परवा मला ती गाठ चुकून बरोबर सुटली. दोघी एकदम गप्प झाल्या. मावशीचा चेहरा पडला, आई माझ्याकडे रागानं बघायला लागली, आणि आतून बायको कुजबुजली, “अहो, कशाला जमवलीत?” मी घाईघाईनं पट्टी परत बांधली आणि दुसरं टोक ओढलं.